दुहेरी दाबाचे इंजिन आणि एकेरी कायदा

ब्रिटनने ८ नोव्हेंबर २०२३ पासून नायट्रस ऑक्साइड या वायूला ‘क’ वर्गातील अमली पदार्थांच्या यादीत बसवले. नशेसाठी तो जवळ बाळगणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि नशेसाठी पुरवणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. नेदरलँड्सने त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून बंदी लागू केली होती. फुग्यातून हा वायू ओढणाऱ्या तरुणांच्या शरीरातील ‘ब१२’ जीवनसत्त्व निकामी होते, हातापायांना मुंग्या येऊ लागतात आणि काहींच्या मज्जारज्जूला कायमची इजा होते, हे डॉक्टर बरीच वर्षे सांगत होते. ही बंदी सरसकट नाही. रुग्णालयातील भूल, मलई फेसाळण्याचा खाद्यउद्योग आणि तांत्रिक वापर यांना दोन्ही देशांनी मुभा ठेवली. याच मुभेच्या आडोशाला मोटारीच्या इंजिनाचाही उपयोग उभा आहे.

जगभरच्या कायदेमंडळांनी या वायूकडे पाहिले ते मुख्यतः नशेच्या बाजूने. इंजिनाच्या बाजूने पाहण्याची गरज फारशी कुणाला भासलेली नाही आणि भारतही त्याला अपवाद नाही. मुळातच सुपरचार्जर बसवलेल्या इंजिनात वर नायट्रसचीही फवारणी करणे, हा या वापराचा सर्वांत टोकाचा प्रकार. हौशी मंडळींत तो ‘एकमेकांना पूरक अशी जोडी’ म्हणून सांगितला जातो. हे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि उरलेल्या निम्म्यात पिस्टन वितळतात.

इंजिनाची ताकद शेवटी एका गोष्टीवर ठरते. प्रत्येक फेरीत सिलिंडरमध्ये किती ऑक्सिजन कोंबता येतो, त्यावर. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. अडचण असते ती त्याला जाळणाऱ्या हवेची. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप. तो हवा दाबून आत ढकलतो. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राचे वंशज आजही इंजिनांवर दिसतात. नायट्रस ऑक्साइडची वाट वेगळी आहे. वजनाने पाहिले तर हवेत सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्क्यांहून थोडा अधिक. ज्वलनकक्षातील उष्णतेत त्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि फुटताना स्वतःचीही थोडी उष्णता देतो. एक यंत्र हवा दाबून ऑक्सिजन वाढवते, दुसरा उपाय रसायनातून.

ही जोडी पूरक का वाटते, तेही समजून घेतले पाहिजे. हवा दाबली की तापते. तीस अंशांची हवा साध्या रूट्स पंपाने बाहेरच्या दाबाच्या १.७ पट दाबली, तर पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरून ती शंभर अंशांच्या पुढे जाते. तापलेली हवा विरळ होते. म्हणजे दाब वाढवून मिळवलेला काही लाभ हातचा जातो. त्यात पंप फिरवण्याची शक्ती इंजिनालाच द्यावी लागते. अमेरिकी डॉज कंपनीच्या ७०७ अश्वशक्तीच्या ‘हेलकॅट’ इंजिनाचा सुपरचार्जर पूर्ण वेगात सुमारे ८० अश्वशक्ती स्वतःच खातो, ही माहिती कंपनीनेच दिली होती. नायट्रसला पट्टा लागत नाही. शिवाय नळीतून बाहेर पडताच हा द्रव उणे ८८ अंशांना उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून शोषून घेतो. सुपरचार्जरने तापवलेली हवा तो निववतो. एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढले, असे कागदावर दिसते.

कागदावरचे हे गणित चुकीचे नाही, अपुरे आहे. दोन्ही उपायांचे फायदे वेगळे असले तरी दोघांचा खर्च एकाच खात्यातून होतो. पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, हेड गॅस्केट, पिस्टनच्या रिंगा, कनेक्टिंग रॉड, पेट्रोलची ऑक्टेन क्षमता हे सगळे त्या खात्यातले. कारखान्यातून निघालेल्या इंजिनात प्रत्येक भागाला थोडी शिल्लक ठेवलेली असते. सुपरचार्जर बसवला की तिचा मोठा वाटा खर्ची पडतो. नायट्रस उरलेल्या वाट्यावर हात टाकतो, तोही सेकंदाच्या एका अंशात.

येथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेक जाहिरातींत सापडत नाही. सुपरचार्जर इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला असतो. फेऱ्या वाढतील तशी त्याची हवा वाढते. साध्या नायट्रस संचातील जेट मात्र दर सेकंदाला ठरावीक वजनाचाच द्रव सोडतो, मग इंजिन कितीही वेगाने फिरो. याचा अर्थ असा की मिनिटाला ३००० फेऱ्यांवर प्रत्येक फेरीच्या वाट्याला जेवढा नायट्रस येतो, तो ६००० फेऱ्यांच्या दुप्पट असतो. ज्या रूट्स प्रकारच्या पंपाची ख्याती कमी फेऱ्यांवरच भरपूर दाब देण्याची आहे, त्याच्यावर नायट्रसचे बटण लवकर दाबले तर दोन्ही ओझी नेमक्या त्याच जागी एकावर एक येतात. सिलिंडरातील दाब तेथे शिगेला पोहोचतो. न जळलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता आपोआप पेटू लागते. मेकॅनिकांच्या भाषेत त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. केंद्रोत्सारी पंपाची वृत्ती उलटी असते. त्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो, म्हणून खालच्या फेऱ्यांवर तो जवळजवळ निजलेला असतो. तेथे नायट्रस खरोखर उणीव भरून काढतो आणि वर पंप जागा झाला की तो टप्प्याटप्प्याने बंद करता येतो. जाणकार कारागीर म्हणूनच ‘जोडी चांगली की वाईट’ या प्रश्नाला थेट उत्तर देत नाहीत. आधी पंप कोणता, ते विचारतात.

उपाय आहेत, नाही असे नाही. ठिणगी उशिरा टाकायची. दर ५० अश्वशक्तीच्या नायट्रसमागे साधारण दोन अंश, हा जुना ठोकताळा आजही वापरात आहे. थंड प्रकृतीचे स्पार्क प्लग बसवायचे, वाढीव पेट्रोलसाठी वेगळा पंप ठेवायचा, पेट्रोलचा दाब घसरताच नायट्रस तोडणारा स्विच लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडल्याशिवाय आणि फेऱ्या ठरावीक टप्प्यात आल्याशिवाय झडप उघडणारच नाही अशी व्यवस्था करायची. मात्र सुपरचार्जरसाठी ठिणगी आधीच मागे घेतलेली असते. नायट्रससाठी ती आणखी मागे न्यावी लागते. फार मागे नेली की जळते मिश्रण एक्झॉस्टच्या वाटेने जाताना वाल्व भाजून काढते. ज्या दोन भिंतींमधून हे इंजिन चालवायचे त्यांतील अंतर कमी कमी होत जाते. त्यात पेट्रोलचा पुरवठा एखाद्या सेकंदासाठी अडखळला आणि नायट्रस मात्र सुरू राहिला, तर ऑक्सिजनने भरलेल्या त्या उष्णतेत ॲल्युमिनियमचा पिस्टन तग धरत नाही.

ही जोडी कुणा हौशी गॅरेजवाल्याच्या डोक्यातून निघालेली नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने ‘जीएम-१’ या नावाने नायट्रस ऑक्साइडची यंत्रणा लढाऊ आणि बॉम्बफेकी विमानांत बसवली. ती सारी इंजिने मुळात सुपरचार्जरचीच होती. ब्रिटिशांनीही १९४४ मध्ये ‘मॉस्किटो’ या रात्रीच्या लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनांना नायट्रस पुरवला. या इतिहासाचा दाखला देऊन आजचे समर्थक विचारतात, की ऐंशी वर्षांपूर्वी चालले ते आज का चालू नये? दाखला खरा आहे, पण त्याचा अर्थ त्यांना हवा तसा निघत नाही. विमान जसजसे वर जाते तशी हवा विरळ होते आणि एका उंचीनंतर सुपरचार्जर कितीही फिरला तरी इंजिनाला लागणारा दाब देऊ शकत नाही. जर्मन वैमानिकाने नायट्रस सोडायचा तो त्या उंचीच्याही वर, साधारण आठ हजार मीटरच्या पुढे. तेथे इंजिन आपल्या मूळ क्षमतेच्या बरेच खाली घसरलेले असे. वायूने ही घसरण भरून निघत होती. कमी उंचीवर ताकद वाढवण्यासाठी त्यांनी पाणी आणि मिथेनॉल फवारणारी ‘एमडब्ल्यू-५०’ ही वेगळी यंत्रणा ठेवली होती आणि तिचे काम मुख्यतः वाढीव दाबाखाली मिश्रण थंड ठेवून नॉकिंग टाळण्याचे होते. म्हणजे विमानात नायट्रस खड्डा भरायला होता. रस्त्यावरच्या मोटारीत तो भरलेल्या घड्यावर ओतला जातो. यंत्रणा तीच असली तरी तिच्याकडून घेतलेले काम अगदी भिन्न आहे.

शर्यतींच्या नियामकांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील १९७६ च्या डेटोना ५०० शर्यतीच्या पात्रता फेरीत ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप या दोन नामांकित चालकांच्या वेळा नायट्रसच्या संशयावरून रद्द करण्यात आल्या. स्टॉक कारच्या जगात हा वायू म्हणजे लबाडी, असा शिक्का तेव्हा बसला. सरळ रेषेत, पाव मैलाच्या अंतरात धावणाऱ्या ड्रॅग शर्यतींनी मात्र त्याला बंदी न घालता चौकट दिली. अमेरिकेतील राष्ट्रीय हॉट रॉड संघटनेच्या, म्हणजे एनएचआरएच्या, ‘प्रो मॉड’ वर्गात स्पर्धक नायट्रस घेऊ शकतो, सुपरचार्जर किंवा टर्बोही घेऊ शकतो. पण यांपैकी एकच. जोडीला परवानगी नाही. यामागे पहिला हेतू स्पर्धा समतोल राखण्याचा आहे, सुरक्षिततेचा त्यानंतरचा, हे प्रांजळपणे म्हणायला हवे. तरीही हजारो अश्वशक्तीची इंजिने रोज खोलून पाहणाऱ्या संघटनेने दोन उपाय वेगळे ठेवले, याची नोंद घेतली पाहिजे. सिलिंडर चालकाच्या कक्षात असेल तर त्याच्या सुरक्षा झडपेची नळी बाहेर काढावी लागते. तो गरम करण्यासाठी तापमान नियंत्रित असलेले तयार वेष्टन चालते, अन्य कोणत्याही बाह्य उष्णतेला मनाई आहे. वरच्या वर्गांत रूट्स सुपरचार्जर जाड पट्ट्यांनी इंजिनाला जखडावा लागतो, कारण पेट्रोल किंवा अल्कोहोलमिश्रित हवेने भरलेला पंप उलटी आग लागताच बाँबसारखा उडू शकतो.

जाता जाता एक गोंधळ दूर केलेला बरा. ‘टॉप फ्युएल’ या वर्गातील ज्वाळा ओकणाऱ्या गाड्यांत सुपरचार्जर असतो आणि ‘नायट्रो’ असते, म्हणून ही जोडी सर्वमान्य आहे असे अनेकदा सांगितले जाते. ते ‘नायट्रो’ म्हणजे नायट्रोमिथेन. ते द्रव इंधन आहे, पेट्रोलच्या जागी जळणारे. नायट्रस ऑक्साइडशी त्याचे नाते नावापुरतेच. २००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ हा चित्रपट आला आणि पाठोपाठ संगणकीय खेळांनी हे बटण घरोघर पोहोचवले. त्या पडद्यावरच्या नायट्रसचा खऱ्या नायट्रसशी संबंधही जवळपास इतकाच. साडेचार किलोची बाटली १०० अश्वशक्तीच्या जेटवर जेमतेम दीड-दोन मिनिटे पुरते.

मोटारीच्या कारखान्यांनी काय केले, हेही बोलके आहे. डॉजने २०१८ च्या ‘डेमन’ या सुपरचार्जर असलेल्या गाडीत आत जाणारी हवा थंड करण्यासाठी चक्क वातानुकूलन यंत्रणेतील शीतद्रव्य वळवले. २०२३ च्या ‘डेमन १७०’ मध्ये ८५ टक्के इथेनॉल असलेल्या इंधनावर १०२५ अश्वशक्ती मिळवली. म्हणजे नायट्रसकडून हौशी मंडळींना जो थंडावा हवा असतो, तो कारखान्याने दुसऱ्या वाटेने घेतला. वॉरंटीवर सही करायची वेळ आली तेव्हा डिकीत बाटली ठेवली नाही.

भारतात चित्र आणखी वेगळे आहे. येथे सुपरचार्जरच्या गाड्या थोड्या, पण कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेल्या लहान पेट्रोल गाड्या शहरांत भरपूर झाल्या आहेत. हवा दाबण्याचे तत्त्व तेच. फरक एवढा, की टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो. त्यांच्या संगणकातील नकाशे बदलून देणारी दुकाने आहेत आणि पुढची पायरी बाटलीची असते. त्यात २०२५ पासून देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सरसकट आले. इथेनॉलची ऑक्टेन क्षमता अधिक, ही जमेची बाजू. पण तेवढ्याच हवेला ते जास्त प्रमाणात लागते. जुन्या पेट्रोलवर बसवलेला नायट्रसचा हिशेब नव्या पेट्रोलवर कोरड्या बाजूला सरकतो. संच बसवून देणाऱ्याने हे पाहिले की नाही, ते गाडीमालकाला कळण्याचा मार्ग नाही.

कायदा म्हणाल तर तो कडक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हा अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. कागदावर यापुढे प्रश्न उरू नये. उरतो तो असा, की कर्णकर्कश सायलेन्सर आणि मागच्या आसनापाठी बांधलेला ७० बार दाबाचा सिलिंडर कलमाच्या लेखी दोन्ही ‘बदल’च आहेत, आणि दोघांची किंमत पाच हजारच. धोक्याची प्रतवारी या कलमात नाही. रस्त्यावरच्या पोलिसाला पहिला ऐकू येतो. दुसरा गप्प असतो.

हा बदल पकडायचा कुणी? खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्या काळात परिवहन कार्यालयाकडे ती तपासणीसाठी जात नाही. दरम्यान होणारी एकमेव नियमित चाचणी म्हणजे पीयूसी. पेट्रोल गाडीची ती चाचणी उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून होते. नायट्रसची झडप उघडते ती थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर. पीयूसीचा कागद शुद्ध निघणार, यात नवल नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक डिकी उघडतो तेव्हा पहिल्यांदा कुणा अधिकृत व्यक्तीची नजर त्या नळीवर पडते. न कळवलेल्या बदलामुळे गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, हे मालकाला तेव्हा उमगते.

बाटलीचा विषय तर परिवहन खात्याच्या कक्षेबाहेरच जातो. दाबाखालील वायूंचे सिलिंडर, ते भरणे आणि साठवणे हे गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येते आणि त्याचा कारभार पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, पाहते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. योगायोग असा, की या वायूचा एक गुणधर्म नागपूरकरांइतका कुणाला समजावून द्यावा लागू नये. नायट्रस ऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३६.४ अंश सेल्सिअस आहे. त्याच्या खाली तो बाटलीत द्रव आणि वाफ असा राहतो आणि दाब तापमानाबरोबर संथपणे चढतो. त्याच्या वर द्रव नावाची अवस्थाच उरत नाही आणि गच्च भरलेल्या बाटलीत दाब झपाट्याने वाढू लागतो. अमेरिकी संचांची सारी मोजमापे साधारण ३० अंशांच्या बाटलीवर बेतलेली असतात. थंड प्रदेशात बाटली तेथवर नेण्यासाठी तापवावी लागते. मे महिन्यात विदर्भात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ही मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. दाब वाढला की जेटमधून जाणाऱ्या वायूचे प्रमाण बदलते, पेट्रोलचे मात्र तेच राहते. सुपरचार्जर किंवा टर्बोने आधीच कोंडीत आणलेल्या इंजिनाला ही चूक पचवायला जागा नसते. इंजिन बंद असतानाही बाटलीची सुरक्षा चकती फुटू शकते. अशा वेळी मोकळी नळी बाहेर काढलेली नसेल, तर सारा वायू बंद काचांच्या गाडीत भरतो.

नशेचा प्रश्न येथेही शिरतोच. अमेरिकेत मोटारींसाठी विकल्या जाणाऱ्या नायट्रसमध्ये दशलक्ष भागांत सुमारे १०० भाग सल्फर डायऑक्साइड मिसळण्याची पद्धत रूढ आहे. तो हुंगताच घसा जळतो, म्हणून फुग्यासाठी निरुपयोगी ठरतो. वैद्यकीय पुरवठ्याच्या साखळीतून बाहेर पडलेल्या बाटलीत अर्थातच अशी भेसळ नसते. मोटारीसाठी म्हणून मिळवलेली बाटली कोणत्या साखळीतून आली, हा प्रश्न परिवहन निरीक्षक विचारत नाही, कारण तो त्याचा नाही. औषध प्रशासनाच्या दृष्टीने ती रुग्णालयाबाहेर गेलेली असते, आणि पेसोसाठी एक अनोंदणीकृत सिलिंडर.

मार्ग आहे तो शर्यतीच्या पट्टीवर. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने ड्रॅग शर्यती भरलेल्या आहेत आणि देशातील मोटार क्रीडेचे नियमन करणारी एफएमएससीआय ही संघटनाही अस्तित्वात आहे. अशा बंद धावपट्टीवर गाडी ट्रकवरून नेली, बाटलीची तारीख, नळीची दिशा, तुटवड्याचा स्विच तांत्रिक निरीक्षकाने पाहिला, तर या प्रयोगाचा धोका निदान तो करणाऱ्यापुरता राहतो. पण अशा दिवसांची संख्या वर्षात बोटांवर मोजण्याइतकी आहे, आणि गाडी पळवण्याची इच्छा बाकीचे दिवस शहरातच असते. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला कलम १८९ खाली पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड आहे. म्हणजे पुन्हा तोच आकडा. ज्या संचाची किंमतच याच्या कितीतरी पट, त्याच्या मालकाला ही रक्कम किती जड वाटेल याचा अंदाज करणे कठीण नाही. कलम १८२-अ मध्ये धोक्यानुसार पायऱ्या पाडणे, दाबाखालील सिलिंडर जोडणाऱ्या गॅरेजलाही मालकाइतकेच उत्तरदायी धरणे आणि पेसोच्या नोंदी परिवहन खात्याला पाहता येतील अशी सोय करणे, यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही.